आधीच वाहणारं पाणी

हॅलो?… कोण? मोठ्याने बोल!… तू होय! अगं, व्हॉल्व्हघराचं दार उघडं आहे, पाइप नुसता बोंबलतोय… तुझे बाबा तिथेच, इंजिनियरबाईंबरोबर. टर्बाइन बसून आठ दिवस झाले, आयोगाची मंजुरी नाही म्हणून चाक अजून एकदाही फिरलेलं नाही… बोलावू? कसं? पाइपावर पाना आपटल्याशिवाय या घरात कुणाला हाक ऐकू गेलीये का कधी?

काय? वीज आयोगाचा निकाल लागला? आत्ता?

थांब, सांगू नकोस. आधी बसू दे.

नाही, नाही, माझं ऐक. नापास झालं असेल तर ते माझ्यामुळे. तुझ्या बाबांना कुणी बोलायचं नाही… अगं, चुना! आयोगाचे साहेब लोक तपासणीला येणार म्हणून मीच भिंतीला चुना फासला ना, मोठ्या हौसेने!… हो, तीच भिंत. रोजचं प्रेशर पेन्सिलीने लिहिलेली. एकतीस वर्षांचे आकडे… वही? व्हॉल्व्हमनला वही कोण देतंय!

आणि साहेब विचारतात, पाणी पूर्वीपासून एवढंच येतं याला पुरावा काय? समोर पांढरीशुभ्र भिंत… तुझे बाबा? कानामागची पेन्सिल काढून खिशात ठेवली. तेच तर लागलं मला.

मग काय, पाझराखाली बादली होती, ती उचलली आणि ओतली भिंतीवर… रागाने गं! माझा मलाच राग आला होता!… आणि ओल्या चुन्यातून आकडे वर आले. एकेक, एकेक. साहेब चष्मा पुसून पुसून वाचत होते. फोटो काढले त्यांनी. पण असली भिंत आयोगात कोण मानणार, म्हणून जीव टांगणीला…

काय? मानली?

वाच. कायद्यात आहे तेच वाच, तुझ्या पदरचं नको… अक्षय ऊर्जा म्हणजे… ऊन… हं… वारा… हं… जमिनीच्या पोटातली उष्णता… बाई बाई! हे सगळं लिहून ठेवलंय?… अन्य कामासाठी आधीच टाकलेल्या पाइपातून वाहणारं पाणी…

परत वाच.

अगं, सूर्याच्या पंगतीला बसवला आपला पाइप!… आणि मोठं धरण? ते नाही बसत? काय सांगतेस!… अट? नदीतून थेंबभर जास्त घ्यायचं नाही, नवा बांध घालायचा नाही… कशाला घालू? डोंगरावरच्या टाकीतून सुसाट येणारं पाणी, खाली घराघरातले नळ फुटू नयेत म्हणून तुझे बाबा जन्मभर व्हॉल्व्ह आवळून त्याचा जोर मोडत बसले; ही बोंबही त्याचीच. त्या जोरातच वीज होती? आणि एकतीस वर्षं आपण ती मोडीत काढत होतो?



नसतं मानलं तर?… उद्याच टर्बाइन उचलून नेणार होते. तुझ्या बाबांची नोकरी या महिनाअखेरीस संपते. ते बंद चाक डोळ्यांत घेऊन घरी बसले असते गं. पुढे मी काय केलं असतं त्यांचं?

ए, थांब… इंजिनियरबाईंनाही फोन आला वाटतं. इकडे बघून हात हलवतायत. तुझे बाबा जुना व्हॉल्व्ह बंद करतायत… पाणी टर्बाइनकडे वळवलं…

हॅलो? हॅलो! गेलीस का?… आहेस? मग एकदम एवढं शांत कसं—

अगं, पाइप!… नाही, पाणी चालूच आहे. दारावरचा दिवा लागलाय! बारीक घूं घूं तेवढी, पण तो आवाज… तो आवाजच नाही.

थांब, बोलू नकोस… घड्याळ. आपलं भिंतीवरचं. ते टिकटिक करतं हे मला माहीतच नव्हतं.

आता बोल काहीतरी… ओरडू नकोस, हळू… इतका मऊ आवाज आहे तुझा? आणि मी सारा जन्म तुझ्याशी ओरडून बोलले! तुला वाटायचं, आई सारखी चिडलेली…

श्श… तुझे बाबा बोलावतायत… हो, पार पाइपापासून… नाही गं, पाना आपटून नाही. तोंडाने. माझं नाव घेऊन, अगदी साध्या आवाजात… हो ना, आलं ऐकू!

ठेवते गं… अहो, आले!