‘तीन’ कोणी म्हणायचं?

...नाही, पण आईनं ‘तीन’ म्हणायचं नाही असं ठरलं होतं की नाही? ठरलं होतं! तरी स्वयंपाकघरातून रोज आपलं... “तीन!” बोलायला नातवाला शिकवायचंय की आजीला?

थांबा, नीट सांगतो. मुलगा माझा अडीच वर्षांचा. ऐकू येतं, कळतं सगळं, चप्पल आण म्हटलं की आणतो, पण तोंडातून शब्द म्हणून नाही! दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, “खेळा त्याच्याशी. मोबाइल बाजूला ठेवा, जमिनीवर बसा, चेंडू धरा, ‘एक, दोन’ म्हणा... आणि थांबा. ‘तीन’ त्याला म्हणू द्या. नुसता हुंकार दिला तरी चेंडू त्याच्याकडे सोडा. कळलं?” मी मान हलवली. बाई म्हणाल्या, “अहो, तुम्ही तरी बोला!”

बोला म्हणे! तुम्हाला सांगतो, मी शाळा सोडली ती हजेरीला ‘हजर’ म्हणायची लाज वाटायची म्हणून. पहिल्या बाकावर बसून वर्षभर गैरहजर! पोरगं माझ्यावर जाऊ नये, एवढंच मागणं आहे हो.

तर बसलो. एक, दोन... पोराचे ओठ हलले, खरंच हलले हो... आणि भिंतीपलीकडून शेजारच्या काकू, “तीन! अहो तीन म्हणा की, कधीचे अडकलाय!” दुसऱ्या दिवशी दारातून दूधवाला, “तीन!” बायको म्हणते, “मी बाई तोंडावर हात ठेवते,” आणि नेमकं तिलाच उचकी लागल्यासारखं, “तीन!” सगळं जग तीन म्हणतंय, ज्यानं म्हणायचं तो सोडून!

बरं, काम काय माझं? लोकांची बिऱ्हाडं हलवायची. काल जिन्यात लोखंडी कपाट. वरचं टोक माझ्याकडे, खालचं मामाकडे... मामा म्हणजे जोडीदार, सगळ्यांचाच मामा. कपाट पायरीवर तिरकं, भार सगळा मामाच्या छातीवर. मी म्हटलं, एक, दोन... आणि थांबलो! सवय हो! मामाच्या तोंडाकडे बघत राहिलो. मामाच्या कपाळावरची शीर टम्म! “अरे पुढं बोल! मेलो! तीन म्हण, तीन!” आणि मी काय बोलावं? “शाब्बास! किती छान म्हटलंस!” आता मामा माझ्याबरोबर कपाट सोडा, उशी उचलायला तयार नाही.

आज हरलो. घरी आलो तो जमिनीवर आडवाच झालो. म्हटलं, नको तो चेंडू. तर पोरगं आलं, स्वतःच चेंडू घेतला, माझ्यासमोर मांडी ठोकली, आणि तुम्हाला सांगतो... “ए...क.” अंगावर काटा आला हो! “दो...न.” आणि थांबलं! चेंडू पोटाशी धरून, भुवया वर करून, माझ्या तोंडाकडे बघत! हुबेहूब मी!

माझी पाळी होती! एक शब्द, फक्त एक! उठून बसलो, तोंड उघडलं, आणि ‘तीन’ काही बाहेर पडेना. पोरगं थांबलंय... मी आ वासून... अगदी हजेरीच्या वेळचंच...

आणि स्वयंपाकघरातून आई, “तीन!”

चेंडू? गेला आजीकडे. जो बोलेल त्याला मिळणार, नियम माझाच ना!