टेकाईच्या मुकुटातला खडा

मंडळी, कान जरा इकडे द्या! पेटीवाले बुवा, तुमचा भाता क्षणभर विसावू द्या. आज देवीच्या दारात उभा राहून मी तुम्हाला एकच प्रश्न विचारणार आहे. स्फटिक आणि रत्न, यांत फरक काय?

बोला की! मागच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, "महाराज, दोन्ही चकाकतात!" वा रे वा! चकाकतं तर माझं टक्कलही! तेवढ्यावरून मला कुणी मुकुटात बसवलं का?

आता हे बघा, माझ्या हातात काय आहे? खडीसाखर! देवीच्या प्रसादाची. नीट निरखा — सपाट बाजू, रेखीव कोपरे, आरपार उजेड. हिला कुणी तासलं? कुणीच नाही! पाकातून आपोआप जमली. हा झाला स्फटिक. तुरटी स्फटिक, खडेमीठ स्फटिक. खडकाच्या पोटात पोकळी असते, तिच्यात पाणी झिरपतं, वर्षानुवर्षं कण कणाला चिकटतो, आणि देवाघरची नक्षी उभी राहते. स्फटिक खोटा नाही हं! देखणा आहे, देवानं घडवलेला आहे. मग रत्न कोणतं?

*खडकाचे पोटी । उजळ स्फटिक ।*
*रत्न ते आणिक । कळे कसीं ॥*

ओळी माझ्याच आहेत, चुकल्या तर मला बोला! पण 'कळे कसीं', कसाला लागल्यावर कळतं, म्हणजे काय, त्यासाठी माळखडक नावाच्या गावाला चला.

काळ्या दगडाचं गाव. टेकडीवर टेकाईचं देऊळ. देवीला चांदीचा मुकुट, आणि मुकुटाच्या मधोमध एक अकीकाचा खडा. लालसर, हरभऱ्याएवढा, कुणी वाहिला ते कुणालाच ठाऊक नाही. बघावं असं त्यात काही नव्हतं. पण होता आपला, आजोबा-पणजोबांच्या आधीपासून.

गावचे पाटील हैबतराव. मिशा अशा, की एका टोकाला कंदील अडकवावा! एका उन्हाळ्यात त्यांनी शेतात विहीर खणायला घेतली. सुरुंग उडाला — धडाम्! धूर निवळला तर खडकात पोकळी, आणि पोकळीत काय? मुठीएवढा खडा! पाण्यासारखा नितळ!

पाटलांनी तो उचलला, आपल्या अंगठीवर धरला, आणि ओरडलेच, "आरं, बघा बघा! एका अंगठीच्या दोन दिसत्यात!"

खरंच दिसत होत्या. काही स्फटिकांचा तो गुणच असतो, पलीकडची वस्तू दुहेरी दिसते. मंडळी, एकाचे दोन दिसायला काही गावांत संध्याकाळी वेगळा उपाय असतो. हसू नका, कुणाकडे बघून बोलतोय ते त्याला कळलंय! पण पाटलांना वाटलं, चमत्कार! "हिरा हाय ह्यो! देवीनं माझ्याच रानात दिला!"

बाळशेट सोनाराला बोलावलं. त्यानं खड्याला आकार द्यायला छिन्नी लावली, हलकेच ठोका दिला — टक्! खडा फुटला. कसा फुटला? तिरका, सपाट, शंकरपाळ्यासारखा! पुन्हा ठोका, पुन्हा शंकरपाळा! बाळशेट चाचरला, "पाटील, जरा मऊ वाटतोय हो..."

"मऊ? माझा हिरा मऊ?" पाटील गरजले. झालं! सोनारानं तोंड शिवून घेतलं. मोठा शंकरपाळा मुकुटात बसवला, अकीक काढून पाटलांच्या हातावर ठेवला. उरलेला एक तुकडा पाटलांच्या घरी कोनाड्यात गेला, आल्यागेल्याला दाखवायला. अकीकही तिथंच, सुपारीच्या डबीत! सारं गाव म्हणालं, "हिरेवाले पाटील!" पाटलांच्या मिशा आणखी वर गेल्या.

आता या घरातली माणसं बघा. मुलगा रंगनाथ. गोरापान, देखणा, आवाज गोड, आरतीला उभा राहिला की बाया देवीकडे बघायचं विसरायच्या! त्याची बायको तुळसा, चैत्रात लग्न होऊन आलेली, गरीबाघरची लेक. आणि सासू साळूबाई. अहाहा! तोंड म्हणजे कडुलिंबाचा पाला. तुळसानं भाकरी केली तर "कडा बघ, बैलानं खाल्ल्यात जणू!" सून पाणी भरून आली तर "निम्मं रस्त्याला पाजलंस व्हय?" गावाला वाटायचं, ही पोरगी या घरात कशी टिकायची!

माळखडकाचा एक रिवाज होता. घट बसायच्या आदल्या दिवशी देवीचे दागिने उजळायचे, आणि तो पहिला मान गावातल्या सगळ्यांत नव्या सुनेचा. पितळी परात, दाट चिंचेचं पाणी. सकाळी दागिने त्यात बुडवायचे, दुपारी चोळून काढायचे. त्या वर्षी मान कुणाचा? तुळसाचा! पोरगी उपाशीपोटी, ओल्या केसांनी देवळात बसली. मनात म्हणाली, आई, निदान तुझं काम तरी बिनबोलाचं होऊ दे.

दुपारी मुकुट वर काढला. चांदी लखलखली! आणि मधला खडा?

पांढरा! आंधळा! डोळ्यात मोतीबिंदू व्हावा तसा! कडा विरलेल्या, वर बारीक बारीक बुडबुडे!

गावानं एकच कालवा केला. "हिऱ्याचं पाणी गेलं!" "हात लागला आन् तेज गेलं!" "पायगुण वंगाळ!" सकाळी ज्या बायांनी तिची ओटी भरली होती, त्याच बाया दोन पावलं मागं सरल्या. पाटील म्हणाले, "ही पोरगी माझ्या उंबऱ्यात नको. आत्ताच्या आत्ता माहेरी धाडा!"

"मामंजी, म्या काय बी केलं न्हाई हो! चिंचेतच ठेवलं, सगळ्या ठेवत्यात तसं!" तुळसा रडत नवऱ्याकडे वळली. "तुमी तरी सांगा!"

रंगनाथ काय म्हणाला असेल? सांगा ना! आरतीचा गोड गळा!

काही नाही म्हणाला. मान खाली! पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत बसला! अहो, राग येतो मला, आजही हे सांगताना राग येतो! बाळशेट सोनार खांबाआड उभा, त्याला सगळं कळत होतं, तोही गप्प!

बैलगाडी जुंपली. साळूबाई टेकडी उतरून घरी गेली. लोक म्हणाले, आता सासू सुनेचं गाठोडं आणून भिरकावणार. आणि बाई परत आली, पण गाठोडं नाही. काखेत खलबत्ता! एका मुठीत लिंबं, दुसऱ्या मुठीत काहीतरी झाकलेलं.

देवळाच्या पायरीवर बसली. मूठ उघडली. कोनाड्यातला तो तुकडा! खलात टाकला आणि बत्ता हाणला!

"अगं, माझा हिरा!" पाटील धावले.

"हिरा असंल तर बत्ता फुटंल," साळूबाई म्हणाली. "बसा गप!"

हिरा कसला! भुकटी झाली, पिठासारखी. तिच्यावर लिंबू पिळलं आणि — फस्स्! फेस! खल भरून फेस! पुढचे वाकले, मागचे टाचा उंचावून उभे राहिले!

साळूबाई उभी राहिली. "बघा! हात माझं हायेत. ह्या घरात म्या म्हातारी झाले, ह्या गावाची बाळंतपणं केली. माझा बी पायगुण वंगाळ काय? हाय कुणी बोलणारा?"

 मग तिनं कनवटीची सुपारीची डबी उघडून अकीक काढला, त्याच फेसात बुडवला, पदरानं पुसला आणि वर धरला. लाल! होता तसा लाल! "ह्यो दरसाल चिंच पीत आलाय. आजवर कुण्या सुनेला बोल लागला न्हाई. खडाच आंबटात विरणारा होता, ह्यात पोरीचा दोष कुठला?"

मग सुनेजवळ गेली. डोळे पुसले नाहीत की गळ्यात पडली नाही, ती तसली नव्हतीच! म्हणाली, "ऊठ. भाकरी तू कशीबी करतीस, पर खोटी न्हाईस. घरी चल."

तुळसा उठली. पण जागची हलली नाही! हळूच म्हणाली, "आत्याबाई, तुमच्यासंगं येते. पर ह्यांनी एकदा बोलावं. समद्यांम्होरं."

आता रंगनाथाकडे सारं गाव बघतंय! कान लाल झाले. बापाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि शेवटी आवाज फुटला, "आबा... चूक तिची न्हाई. म्या मघाच बोलायला पायजे हुतं." आवाज कापत होता, थोडा फेस आलाच! पण बोलला!

पाटलांची मिशी त्या दिवशी पहिल्यांदा खाली आली. त्यांनी स्वतः अकीक सोनाराकडे दिला, मुकुटात परत बसवून घेतला. आणि तो पांढरा पडलेला स्फटिक? तुळसानं फेकू दिला नाही! म्हणाली, "तो काय हिरा म्हणून सांगत आला न्हवता. आपणच म्हणालो." देवीच्या पायाशी ठेवला. अजून तिथंच आहे म्हणतात.

मंडळी, आता माझा प्रश्न परत आणतो, तुमच्याच दारात! देखणेपण, गोड गळा, हुशारी हे सगळं आपल्यात आपोआप जमलेलं. स्फटिक! छान आहे, देवाचे आभार माना. पण चार माणसं मिळून एखाद्या निरपराधावर आंबट ओततात, चावडीवर, भावकीत, स्वतःच्या स्वयंपाकघरात, तेव्हा तुमच्या तोंडातलं खरं टिकतं का? की फस्स् होऊन जातं? काकू, मान हलवू नका नुसती, परवा शेजारणीच्या सुनेबद्दल काय म्हणालात ते मी ऐकलंय! आणि कडुलिंबासारखं बोलणारं जे माणूस तुमच्या घरात आहे, त्याला एकदा नीट बघा. सुपारीच्या डबीत अकीक तर ठेवला नाहीत ना?

चला, हात पुढे करा. खडीसाखर घ्या. तोंडात ठेवा, विरघळू द्या, तिचं कामच ते आहे. तुम्ही मात्र विरघळू नका!

बोला, टेकाईमातेचा उदो! उदो!