मायुमीच्या सहीची रांग

फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरातल्या मॉलमध्ये गायिका मायुमी तिच्या नव्या अल्बमवर सह्या देत होती. रांगेत दितास उभी होती; तिच्या पुढे एक मुलगी आणि तिची आई उभ्या होत्या.

“आई, हात गार पडलेत तुझे. सकाळचं बाचोय सूपही तसंच टाकलंस. चल घरी.”

“गप गं. इथवर काय परत जायला आले?”

“गर्दीत तुला धडधडतं. चर्चमधून उचलून आणावं लागलं होतं, आठवतंय ना?”

“म्हणून तर तेव्हापासून घरात कोंडून घेतलं स्वतःला. आता पुरे.”

“सही मी आणते ना. तू बाहेर बाकावर बस.”

“सही तू आणशील गं, पण तिच्याशी बोलायचंय मला. डॉक्टर म्हणतात, हृदय ठणठणीत आहे. शेजारणी म्हणतात, नाटकं करते. तुझे बाबा तर...”

“बाबांचं सोड.”

“सोडलं. पण ही पोर गाण्यात म्हणते, ‘छातीत कोंबडी फडफडते, तरी मी दार उघडते.’ ते ऐकलं आणि वाटलं, अगं बाई, हिलाही होतं! मी एकटी नाही.”

“आई, घामानं भिजलीस तू.”

“भिजू दे.”

“पाय लटपटतायत. बस खाली, बस!”

“बसते, पण इथंच. रांग सोडायची नाही.”

दितासला राहवेना. ती पुढे वाकली.

“मावशी, माझा हात धरा.”

“धरते बाई. पण पुढं न्यायचं हं, मागं नाही.”

रांग सरकली. दोघींच्या आधाराने आई उठली आणि पुढे निघाली.