सगळ्यांना साठ

समारंभाचे अध्यक्ष आणि शाळा समितीचे प्रमुख माननीय उखर्डूनाना, यावलहून खास आलेले पाहुणे, मुख्याध्यापक गिरधर सर, व्यासपीठावरचे इतर मान्यवर, माझे सहकारी, गावातले आबा-अक्का आणि माझ्या मुलामुलींनो,

एकसष्ट साली मी रुजू झाले तेव्हा वर्ग केळीच्या वखारीत भरायचे. आज तीस वर्षांनी निवृत्त होताना डोक्यावर स्लॅब आहे, गळ्यात हार आहे, आणि माझ्याविषयी इतकं चांगलं बोललं गेलं की ही लताबाई कोण, मलाच भेटावंसं वाटलं. नाना, आपण म्हणालात, बाईंचा स्वभाव थोडा तापट आहे. थोडा म्हणालात, हा आपला मोठेपणा.

आठवीची ती सरकारी परीक्षा बंद व्हावी म्हणून मी किती भांडले, हे आपण जाणता. वर्षभर फळ्यापाशी धडाधड उत्तरं देणारा धनसिंगसारखा मुलगा पाड्यावरून उतरून परक्या केंद्रावर बसला, की त्याचा हातच चालायचा नाही. त्याला नापास करणाऱ्यानं त्याला कधी पाहिलेलंही नसायचं. ज्यानं शिकवलं त्यानंच पारखावं, एवढंच माझं मागणं होतं. यंदा आपल्या शाळेत प्रयोग म्हणून ते मान्य झालं. मी पेढे वाटले. आता त्या पेढ्यांची लाज वाटते.

कारण मग काय झालं? बाजारात, एस.टी.च्या थांब्यावर, लग्नाच्या पंगतीत पालकांनी आम्हाला गाठलं. "बाई, माह्या पोराले कमी दिले त मी गावात काय तोंड दाखवू?" गिरधर सरांच्या ओट्यावर सकाळी केळीचे घड दिसायचे, ठेवणारा दिसायचा नाही. सरांनी ती केळी मुलांना वाटून टाकली, हेही सांगितलं पाहिजे. पण शेवटी शिक्षकांची बैठक झाली आणि तोडगा निघाला, सगळ्यांना साठ. कोणी रुसायला नको, कोणाच्या दारावरून मान खाली घालून जायला नको. पंगतीत वाढतात तसं प्रत्येकाच्या पानात सारखं. मी विरोध केला, तर सर म्हणाले, "बाई, तुम्ही निवृत्त व्हाल. आम्हाला इथंच राहायचंय."

आपल्याकडे आठवीच्या पुढे वर्ग नाही. चांदभाई पिंजाऱ्यांची शहनाज गणितात माझ्या चुका काढते, अशी मुलगी. धुळ्याच्या मुलींच्या वसतिगृहात नववीला जागा गुणांवर मिळते, आणि साठाला मिळत नाही. यावलला रोज एकटीला पाठवायची चांदभाईंची तयारी नाही. वसतिगृहाला मात्र ते कबूल झाले होते. परवा म्हणाले, "बाई, तुम्हीच म्हणत होत्या ना, पोरगी हुशार आहे? निकालात तर ती बाकीच्यांसारखीच निघाली. आता बसवतो गाद्या शिवायला."

परका परीक्षक तिला ओळखत नव्हता, तरी त्यानं तिला वेगळं काढलं असतं. आम्ही तिला ओळखतो आणि आम्हीच तिला गर्दीत ढकललं. मला याचा संताप येतो, आणि हार घालूनही तो कमी होत नाही.

निकाल फलकावर लागला आहे, पण नानांच्या सहीशिवाय तो धुळ्याला जात नाही. भाषण संपलं की टाळ्या वाजवायची आपली रीत आहे. आज मला त्या आधीच हव्या आहेत. शहनाज आणि वर्गातली बाकीची मुलं सारखीच आहेत, असं ज्यांना मनापासून वाटतं त्यांनी वाजवाव्यात. मी थांबते.

कोणीच नाही? गिरधर सर, तुम्हीही नाही? नाना, आपले हात तर मांडीवरच आहेत.

मग उद्या बैठक बोलवा, ज्याचे त्याला गुण द्या आणि मगच सही करा. आपण केलेल्या सत्काराबद्दल मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर जाणाऱ्या माणसाला क्षमा करावी. चांदभाई मागे दाराशी उभे आहेत. आत्ता कोणी टाळी वाजवली नाही, हे त्यांनीही पाहिलं आहे.