मखमल कोणी बेतायची

तो: कात्री आणलीस तू. सहलीला, कात्री.

ती: हळू बोला. तो तपासणीवाला इकडेच बघतोय.

तो: बघणारच. त्याने बॅग उघडली, वर तुझी शाल, मध्ये माझ्या गोळ्या, आणि तळाशी हातभर लांब कात्री. बिचारा मागेच सरकला.

ती: कापडाची कात्री आहे, तलवार नाही.

तो: तुझं शिवणाचं दुकान आहे हे त्याला कुठे ठाऊक? आधीच्या दोन विमानांच्या वेळी कशी सुटली ही?

ती: तेव्हा मोठ्या बॅगेत होती, ती सामानात जाते ना. काल इथल्या बाजारात मी अस्तराचं कापड घेतलं. बॅग जड झाली. त्यातलं सगळ्यात जड काय, तर कात्री. ती काढली आणि या हातातल्या बॅगेत टाकली.

तो: वजन वाचवायला.

ती: वाचलं की नाही? काट्यावर बरोब्बर बसली बॅग.

तो: बॅग बसली आणि आपण इथे उभे राहिलो. तो काय म्हणाला ऐकलंस ना? कात्री त्या डब्यात टाका, नाहीतर परत बाहेर जाऊन ही बॅगही सामानात द्या. वेळ आहे अजून, चल.

ती: वेळ आहे कारण तुम्ही पहाटेपासून मानगुटीवर बसला होतात.

तो: जन्मभर बस चालवली मी. प्रवाशांना उशीर झाला तर चालतो, ड्रायव्हरला झाला तर शिव्या पडतात. चल, आटप.

ती: थांबा. मला एक सांगायचंय.

तो: चालता चालता सांग.

ती: मी पुढच्या शहराला येत नाही.

तो: म्हणजे?

ती: सकाळी तुम्ही पाणी आणायला गेलात, तेव्हा मी काउंटरवरच्या मुलीला विचारून ठेवलं. घराकडचं विमान दुपारी आहे. जागा आहेत. मी घरी जाते, तुम्हीही चला.

तो: आणि मोठी बॅग? ती तर मघाशीच पट्ट्यावरून आत गेली.

ती: जाऊ दे.

तो: म्हणजे तुझे कपडे सहल पुरी करणार आणि तू अर्ध्यावरून घरी. अगं, चार शहरांची सहल आहे. आत्ता कुठे दोन झाली.

ती: दोन पुष्कळ झाली.

तो: कालपर्यंत तर पुष्कळ नव्हती. काल पुलावर उभी राहून फोटो काढून घेत होतीस. आता खरं सांग, कात्री कशाला आणलीस?

ती: सवय.

तो: सवय मला घोरण्याची आहे. मी रजेवर जाताना बसचं स्टिअरिंग उपटून घरी नेत नव्हतो.

ती: दुकानात ठेवली असती तर तिने वापरली असती.

तो: कोणी, सूनबाईने?

ती: मग आणखी कोण आहे दुकानात?

तो: अच्छा. म्हणजे आपण निघालो आणि तू किल्ली ठेवलीस, पण कुलूपच घेऊन आलीस.

ती: चेष्टा नको. नाट्यगृहाच्या पडद्याचं काम आलंय. गडद निळी मखमल, तागेच्या तागे पडलेत. त्यांना घाई नव्हती, मी आल्यावर बेतू असं ठरलं होतं. आता त्यांनी घाई केली, आणि हिने मला न विचारता हो म्हटलं. काल फोनवर काय म्हणाली माहितीये? ‘आई, उद्या मखमल बेतायला घेते.’ जेवायला बसते म्हणावं तसं.

तो: मग घेऊ दे की.

ती: तुम्हाला काय जातंय. मखमलीला लव असते. एका बाजूने हात फिरवला की मऊ, उलटा फिरवला की खरखरीत. सगळे पट्टे एकाच बाजूने बेतावे लागतात. एक जरी उलटा गेला तर दिव्याखाली त्याचा रंग वेगळा दिसतो, शेवटच्या खुर्चीवरच्या माणसालाही दिसतो. शिवण उसवता येते. कापलेलं जोडता येत नाही.

तो: हे वाक्य मी लग्नापासून ऐकतोय.

ती: तरी कळलेलं नाही.

तो: बरं, मला एक सांग. ही मुलगी घरात आल्यापासून दुकानात आहे. मापं घेते, खुणा करते, शिवते, इस्त्री करते. गिऱ्हाइकांशी तर तुझ्यापेक्षा गोड बोलते. बेतायला कधी दिलंस तिला?

ती: दिलंय की.

तो: काय?

ती: अस्तरं. उशांचे अभ्रे.

तो: वा.

ती: आणि एकदा गाऊन दिला होता.

तो: तुझा स्वतःचा. घरात घालायचा.

ती: चांगला बेतला होता तो. मी कुठे नाही म्हणतेय?

तो: मग भीती कसली? ती बिघडवेल याची?

ती: बिघडवलं तर मी जाऊन निस्तरेन. नवीन तागा मागवू, नाट्यगृहवाल्यांची बोलणी खाऊ. त्याचं काही नाही हो. नीट बेतलं तर?

तो: तर पडदा होईल.

ती: आणि मी? मी परत जाऊन काय करू? गल्ल्यावर बसून सुटे देऊ? ती मशीनवर, ती टेबलाशी, ती गिऱ्हाइकाशी. आणि मी खुर्चीत बसून सगळ्यांना ‘या, बसा’ म्हणायचं? मला ते जमणार नाही. आत्ताच सांगते, मला नाही जमणार.

तो: बस इथे. त्या बाकावर बस. बॅग राहू दे त्याच्याजवळ, पळून जात नाही.

ती: मी ठीक आहे.

तो: ठीक आहेस ते दिसतंय. ऐक. मी निवृत्त झालो, आणि पुढच्याच आठवड्यात माझ्याच मार्गावरच्या बसमध्ये प्रवासी म्हणून बसलो. आठवतं?

ती: कपाळावर आठ्या घालून घरी आला होतात.

तो: नवा ड्रायव्हर होता. प्रत्येक वळणावर माझा उजवा पाय खाली दाबला जायचा. समोर ब्रेक नाही, पुढच्या सीटची पाठ आहे, तरी दाबतोय. पुढे बसलेल्या बाईने वळून विचारलं, आजोबा, पाय दुखतोय का? कितीतरी दिवस असंच. मग एकदा दुपारी मी त्याच बसमध्ये झोपलो. आपला थांबा गेला, पुढचा गेला, डेपोत त्यानेच येऊन उठवलं.

ती: हे मला सांगितलं नाहीत कधी.

तो: काय सांगणार? आपल्याशिवाय बस डेपोत पोचली, हे बायकोला सांगावं लागतं का? त्या दिवशी मात्र घरी चालत येताना मला हलकं वाटलं. खोटं नाही सांगत. पहिल्यांदा रस्त्यावरची दुकानं बघितली मी. जन्मभर नुसता रस्ताच बघितला होता.

ती: तुमची गोष्ट वेगळी. तुम्हाला सरकारने काढलं.

तो: आणि तुला कोणी काढलेलंच नाही, तरी तू रडतेयस. हे बघ, मी आज जाणार. त्या शहरात दुमजली बस आहे. वरच्या मजल्यावर, सगळ्यात पुढे, काचेला नाक लावून बसायचंय मला. बस दुसऱ्याने हाकायची आणि मी बाहेर बघायचं. तू आलीस तर दोघं बसू. नाही आलीस तर शेजारच्या सीटवर पिशवी ठेवीन.

ती: एकटे जाल? तुमचे मोजे कुठे आहेत ते तरी ठाऊक आहे का तुम्हाला?

तो: मोठ्या बॅगेत. ती येतेय माझ्याबरोबर. तूच येत नाहीयेस.

ती: फार शहाणे आहात. द्या तो फोन. तिलाच विचारते. घोडामैदान जवळच आहे.

(फोन लागतो. ती आवाज मोठा करून फोन दोघांच्या मध्ये धरते.)

सून: आई? विमानात बसलात?

ती: नाही अजून. काय चाललंय?

सून: मखमल टेबलावर पसरलीये. खुणा झाल्यात. पुसून परत केल्या, परत मोजल्या. आता बेतणार, तेवढ्यात तुमचा फोन.

ती: कशाने बेतणार? कात्री माझ्याकडे आहे.

सून: ठाऊक आहे. कात्रीचा खिळा रिकामा दिसला तेव्हाच कळलं.

तो: कळलं ना गं? मला इथे तपासणीवाल्याने सांगितलं तेव्हा कळलं.

सून: बाबा, पकडलं का आईंना?

ती: पकडलं नाही, थांबवलंय. विषय बदलू नकोस. लव कुठल्या बाजूने धरलीस?

सून: वर.

ती: वर? आपल्याकडे लव खाली धरतात. आजवर एक पडदा मी लव वर धरून बेतलेला नाही. धूळ बसेल त्यावर.

सून: बसेल. पण लव खाली धरली तर ही निळी मखमल दिव्यात राखाडी दिसते. मी तुकडा घेऊन नाट्यगृहात गेले होते. दोन्ही बाजूंनी टांगला, दिवे लावायला लावले, आणि अगदी मागच्या खुर्चीवर जाऊन बसले. लव वर असली की रंग खोल दिसतो.

ती: तुकड्यावरून काय कळतं?

सून: शितावरून भाताची परीक्षा, असं तुम्हीच म्हणता. आणि धुळीचं म्हणाल तर त्यांच्या माणसाला ब्रश कसा मारायचा ते दाखवून आले. त्याने करूनही दाखवलं मला.

तो: घे, ब्रशसुद्धा झाला. आता काय राहिलं?

ती: राहिलंय. ही सहल कोणाच्या डोक्यातली? हिच्या. चार शहरं कोणी ठरवली? हिने. खरं सांग, मला टेबलापासून लांब ठेवायला आखलीस ना?

सून: तुम्ही कधी कुठे गेला नाहीत म्हणून आखली. पण दोनाची चार केली, ते यासाठी. हे काम येणार असं कानावर आलं होतं. दोनच शहरं असती तर तुम्ही मखमल उघडायच्या आत दारात.

तो: घ्या. पक्की आहे पोरगी.

ती: तुम्ही मध्ये बोलू नका. आणि मला सरळ विचारलं असतंस तर?

सून: तर तुम्ही हो म्हणाला असतात, आणि टेबलाच्या त्या बाजूला उभ्या राहिला असतात. तुम्ही समोर असलात की माझा हात चालत नाही, आई.

ती: मी काय ओरडते तुझ्यावर?

सून: ओरडत नाही. बघता.

ती: बघते म्हणजे? डोळे आहेत, बघणारच.

सून: तेच. तुम्ही काही चुकीचं करता असं नाही. पण कात्री मध्येच थांबते माझी. एकदा थांबली की कापडाच्या कडेला दात पडतो, ते तुम्हालाही दिसतं आणि मलाही.

ती: हं.

सून: रागावलात?

ती: रागावले असते तर फोन ठेवला असता. बरं, ऐक. माझी कात्री पाठवते तुला. इथे बाहेर कुरियरवाला बघितलाय मी. आजचा दिवस थांब, उद्या हातात पडेल.

सून: नको, आई.

ती: नको?

सून: मला जड पडते ती. कडीत अंगठा डुलतो. मी माझ्या हाताची घेतली.

तो: बस गं जरा. उभी का राहिलीस?

ती: कुठून घेतलीस?

सून: आपल्या धारवाल्याकडून. त्याने चार दाखवल्या, मी चारही चालवून बघितल्या.

ती: टोकाला अडकते का बघितलंस? मधून सगळ्याच छान चालतात. टोकाला खरी कळते.

सून: ओला रुमाल कापून बघितला टोकाने. सुळकन गेला.

ती: ओला रुमाल कोणी सांगितला तुला?

सून: तुम्ही धारवाल्याशी भांडत होतात तेव्हा ऐकलं. तुमची कात्री तुमच्याजवळच राहू दे, आई. त्यांना पडद्याच्या वर झालरही हवीये, चुण्यांची. ती मी तुमच्या नावावर घेतलीये. तुम्ही आलात की करायची.

ती: मला बरं वाटावं म्हणून ठेवलीस का?

सून: नाही हो. माझ्या चुण्या सारख्या पडत नाहीत. एक जाड, एक बारीक. मी करून बघितल्या आणि उसवल्या. ते मला अजून शिकायचंय.

ती: चुण्या दोऱ्याने ओढत असशील.

सून: मग कशाने ओढायच्या?

ती: आल्यावर दाखवते. फोनवर सांगण्यासारखं नाही ते. आता सगळे पट्टे मोजलेस ना? वरच्या दुमडीची सोय धरून?

सून: धरून. आणि खालच्या दुमडीची थोडी जास्त धरली, पडदा लोंबून लांब झाला तर दुरुस्त करता येईल.

ती: चुकलं तर नाट्यगृहवाल्यांशी तू बोलायचंस. मी नाही येणार मध्ये.

सून: मीच बोलेन.

ती: मग घे बेतायला.

सून: तुम्ही घरी येताय का? कालच्या तुमच्या आवाजावरून मला वाटलं होतं, तुम्ही निघाल.

तो: ती दुमजली बसमध्ये बसायला जातेय.

ती: माझं मी सांगते. आम्ही पुढे जातोय. पण एक कर. फोन बंद करू नकोस. टेबलाच्या कडेला ठेव. मी बोलणार नाही आणि तुला बघणारही नाही.

सून: ठेवला. सुरू करते, आई.

तो: ऐकू येतंय का काही?

ती: श्श.

तो: मला तर नुसतं खर्र खर्र ऐकू येतंय.

ती: तेच ऐकतेय.

तो: कशी बेततेय?

ती: माझ्यापेक्षा हळू.

तो: एवढंच?

ती: पण थांबत नाहीये. बघा ना, केव्हापासून एकाच चालीत. थांबतच नाहीये.

तो: चल मग. बॅग घेऊन परत बाहेर जायचंय, तिथली रांग वाढत असेल.

ती: तुम्ही जाऊन उभे राहा रांगेत. तिचा हा पट्टा टोकाला लागला की आलेच.