सातव्या धबधब्याचं पाणी

वनरक्षक : नाही म्हणजे नाही, काका. पहिले सहा आहेत, सहाही चांगले आहेत, त्यातला कुठलाही बघा. सातवा मागू नका.

ग्रंथपाल : पुस्तकात आहे.

वनरक्षक : पुस्तकात आहे! आठवड्यातून दोनदा तरी हे ऐकते मी. परवा एक बाई पाच लिटरचा डबा घेऊन आल्या. का, तर म्हणे 'सातव्याचं पाणी कोमट आहे असं छापलंय, सांध्यांना बरं.' त्याआधी एक मास्तर तिथल्या कातळावर चढायला गेले आणि घोटा मुरगळून बसले. ऐंशी किलोचा माणूस, मी आणि चौकीदाराने मिळून खाली आणला. वाटभर मलाच शिकवत होते, आधार कसा द्यायचा ते. हे पुस्तक ज्याने लिहिलंय ना, तो एकदा माझ्या तावडीत सापडू दे.

ग्रंथपाल : मीच.

वनरक्षक : काय मीच?

ग्रंथपाल : पुस्तक मीच लिहिलंय. हे बघा, मागे फोटो आहे. तेव्हा केस होते.

वनरक्षक : अरे देवा. बसा. त्या खुर्चीचा डावा पाय हलतो, उजवीकडे रेलून बसा. आता तुम्हाला काय बोलणार मी? वडिलांच्या वयाचे तुम्ही.

ग्रंथपाल : बोला. तुमच्या साहेबांनीही लिहिलंय. 'अस्तित्वात नसलेले ठिकाण पुढील आवृत्तीतून वगळावे, अन्यथा'. अन्यथाच्या पुढे काही नाही. कागद संपला असावा.

वनरक्षक : साहेबांचं सगळं असंच, ना शेंडा ना बुडखा. मग वगळणार ना?

ग्रंथपाल : सोमवारी छपाईला जातंय. वगळायला एक रेघ मारायची, एवढंच आहे. पण म्हटलं, आधी जाऊन विचारावं. कदाचित पाणी आटलं असेल. कदाचित वाट बुजली असेल.

वनरक्षक : नऊ दिवस पाऊस पडून गेलाय, बाकीचे सहा धो धो कोसळतायत. त्या कातळावर नुसती ओल आहे. तिथे धबधबा कधीच नव्हता, काका. आता खरं सांगा, तुम्ही तो कधी बघितलात?

ग्रंथपाल : नाही बघितला.

वनरक्षक : वाटलंच मला. आणि बाकीचे सहा?

ग्रंथपाल : तेही नाही.

वनरक्षक : म्हणजे धबधब्यांवर पुस्तक लिहिलंत आणि एकही धबधबा बघितला नाहीत?

ग्रंथपाल : आवाज ऐकलाय. खालून.

वनरक्षक : हसू का रडू, तेच कळत नाही मला.

ग्रंथपाल : मी ग्रंथपाल होतो. तरुणपणी वरच्या फळीवरचं पुस्तक काढताना शिडीवरून पडलो. हाड जुळलं, पण तेव्हापासून चढ-उतार दिसला की पाय लटपटतात. वर नुसतं पाहिलं तरी गरगरतं. आमच्या हिला मात्र डोंगर म्हणजे जीव की प्राण. मग आम्ही तसं ठरवूनच टाकलं. मी वाटेच्या तोंडाशी बाकावर वाचत बसायचो, ती जाऊन यायची. आली की सांगायची आणि मी लिहून घ्यायचो. माझ्याकडे वही होती, त्यात रकाने आखलेले. अंतर, वेळ, चढ, पाणी.

वनरक्षक : आणि त्यांनी सांगितलं ते तुम्ही खरं मानलंत.

ग्रंथपाल : न मानायला काय झालं? तिची बारीक नजर होती. तिसऱ्या धबधब्याशी खेकड्यांची बिळं किती, तेसुद्धा मोजून आली होती.

वनरक्षक : अकरा. खरं आहे ते. मीही मोजलीयत, तुमच्या पुस्तकामुळेच. मग सातव्याला काय झालं त्यांना? हे बघा, मला पाठ आहे आता : 'दोन धारा शेजारी शेजारी उतरतात आणि खाली पोचायच्या आत त्यातली एक नाहीशी होते. पाणी कोमट.' दोन धारा एक वेळ सोडून देऊ. पण कोमट? या अख्ख्या जंगलात कोमट पाणी फक्त माझ्या टाकीत आहे, दुपारी बारा ते तीन.

ग्रंथपाल : ते कोमटचं तिने नाही सांगितलं. ते माझं आहे.

वनरक्षक : तुम्ही तर खाली होतात ना?

ग्रंथपाल : रुमालावरून. ती धबधब्याशी रुमाल भिजवायची आणि खाली आली की मागून येऊन माझ्या मानेवर ठेवायची. मी वाचत असायचो, दचकायचो. तिला तेवढीच गंमत. 'घे, तुझा धबधबा' म्हणायची. सहाही वेळा गार होता. दुसऱ्याचा तर इतका गार की मान आखडली माझी. सातव्याचा कोमट होता. मी म्हटलं, पाणी कोमट आहे. ती म्हणाली, असेल. मी रकान्यात लिहिलं, कोमट.

वनरक्षक : रुमाल कसला होता?

ग्रंथपाल : माझाच. निळ्या चौकटींचा, मोठा. का?

वनरक्षक : काही नाही. किती वर्षं झाली याला?

ग्रंथपाल : सहा. पुस्तक छापून आलं तेव्हा ती नव्हती. हृदयाची झडप खराब होती. आधीपासूनच असणार, म्हणाले डॉक्टर. सातव्यानंतर चार महिन्यांनी गेली.

वनरक्षक : काकू उंच होत्या का? केस आखूड कापलेले, पायात पुरुषी बूट?

ग्रंथपाल : बूटही माझेच. एक नंबर मोठे व्हायचे, पुढे कापूस घालायची. तुम्हाला कसं माहीत?

वनरक्षक : तुमच्याने चार मिनिटं चालवेल? चढ असा नाहीच, बाकापुढच्या वळणापर्यंतच जायचंय. माझा हात धरा.

ग्रंथपाल : बाकापलीकडे मी कधी गेलेलो नाही.

वनरक्षक : म्हणून तर म्हणते, चला.

(चौकीपासून वळणापर्यंतची पायवाट. दोघं सावकाश चालतात. ग्रंथपाल जमिनीकडे बघत.)

वनरक्षक : इथे मूळ आहे, पाय उचला. हं. आणि हा तुमचा बाक. मागच्या वर्षी रंग दिला, त्यावर लगेच दोघांनी बदाम कोरले. सरकारी खर्चाने प्रेम. ऐकताय ना?

ग्रंथपाल : ऐकतोय.

वनरक्षक : काही होतंय का? थांबायचं?

ग्रंथपाल : नाही. मला काही होत नाही. सहा वर्षं काहीच होत नाही. मुलगी फोनवर विचारते, कसे आहात? मी सांगतो, बरा आहे. खोटं नाही ते. भूक लागली की जेवतो, झोपही येते. फक्त वाचायला घेतलं की पान उलटायचं राहून जातं.

वनरक्षक : आलंच वळण. आता या दगडावर बसा. सपाट आहे, चार जण बसतील. वर नका बघू, समोर बघा. दिसतो कातळ?

ग्रंथपाल : दिसतो. काळा आहे.

वनरक्षक : सातव्याची वाट इथे संपते, बाकीच्यांच्या बाकापाशीच फुटतात. पुढे फक्त तो आहे. आता खाली बघा, झाडांच्या फटीतून. माझा हात सोडू नका.

ग्रंथपाल : बाक.

वनरक्षक : तुमचा बाक. इथून सरळ दिसतो. बसलेल्या माणसाची पाठ, मान, हातातलं पुस्तक, सगळं.

ग्रंथपाल : हो.

वनरक्षक : मला नोकरीला लागून तेव्हा तीन आठवडे झाले होते. अंगावरचा गणवेशही उसना होता. फेरीवर इथे आले तर एक बाई या दगडावर बसलेल्या. ओठ पांढरेफटक. मी म्हटलं, मावशी, बरं वाटत नाही का? तर मलाच विचारलं, पुढे काय आहे? मी म्हटलं, काही नाही, कातळ आहे, वाट संपली. तर म्हणाल्या, 'बरं झालं.'

ग्रंथपाल : बरं झालं?

वनरक्षक : असंच म्हणाल्या. मी म्हटलं, खाली सोडते, चला, हात द्या. तर म्हणाल्या, 'आत्ता नको. लवकर गेले तर ओळखतील ते. प्रकरण संपू दे त्यांचं. पान उलटलेलं दिसतं मला इथून.' मग बाटलीतलं पाणी रुमालावर ओतलं, पिळला, आणि गुडघ्यावर ठेवून बसल्या. मला वाटलं, ऊन लागलं असेल, मानेला लावणार असतील.

ग्रंथपाल : बाटली पाठीवरच्या पिशवीत असायची. बाहेरच्या कप्प्यात.

वनरक्षक : दिवसभराच्या उन्हात.

ग्रंथपाल : हो.

वनरक्षक : मी साहेबांना बोलवायला हवं होतं, काका. नवीन होते. बाई म्हणाल्या बरी आहे, मी बाकीच्या फेरीला गेले. आज तुम्ही रुमालाचं बोललात तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. सांगू की नको, असं झालं होतं मला.

ग्रंथपाल : सांगितलंत ते ठीक झालं. तुमचं काही चुकलं नाही. किती वेळ बसली होती?

वनरक्षक : परत येताना पाहिलं तेव्हाही होत्या. तासभर तरी.

ग्रंथपाल : सव्वा तास. वहीत आहे. मी कोणतं पुस्तक वाचत होतो?

वनरक्षक : मला कसं माहीत असणार?

ग्रंथपाल : मलाही आठवत नाही. मान वर केली असती तर दिसली असती.

वनरक्षक : तुम्हाला गरगरतं ना वर बघितलं की?

ग्रंथपाल : एवढ्याशा उंचीला नसतं गरगरलं. आणि ती आली तेव्हा तिचे ओठ मलाही पांढरे दिसले होते. ते मी लिहिलं नाही. त्याला रकाना नव्हता.

वनरक्षक : पाणी प्या थोडं. हे गार आहे, बघा.

ग्रंथपाल : नको. तुमच्याकडे पेन आहे?

वनरक्षक : आहे. पण रेघ मारायला इथेच कशाला? चौकीत बसून मारा. साहेबांना मी कळवते, लेखक स्वतः येऊन गेले, ठिकाण वगळलं. प्रश्न मिटला.

ग्रंथपाल : वगळायचं नाहीये.

वनरक्षक : काका, पुन्हा? अहो, तो मास्तर परत आला तर यावेळी मी त्याला तिथेच ठेवीन.

ग्रंथपाल : कातळावर कोणी चढणार नाही, असं लिहू. चष्मा खाली राहिलाय माझा. मी सांगतो, तुम्ही लिहाल? मी नेहमी तसंच लिहून घ्यायचो.

वनरक्षक : द्या ते पुस्तक. कुठे, याच पानावर?

ग्रंथपाल : सातव्यावर. वरचं सगळं खोडा. दोन धाराही.

वनरक्षक : त्याही? मला आवडायच्या खरं तर.

ग्रंथपाल : मलाही. खोडा. आता लिहा, क्रमांक सात. इथे धबधबा नाही. कातळाशी वाट संपते, पुढे जाऊ नये. वळणावर बसायला सपाट दगड आहे.

वनरक्षक : ...सपाट दगड आहे. अंतर?

ग्रंथपाल : बाकापासून चार मिनिटं.

वनरक्षक : ते वेळेत जाईल. अंतरात दोनशे पावलं घालते, मी मोजलीयत. चढ?

ग्रंथपाल : जवळजवळ नाही. कोणालाही जमेल.

वनरक्षक : कोणालाही जमेल. बरं. एक रकाना राहिला. पाणी?

ग्रंथपाल : तिथे कोमट लिहिलं होतं मी.

वनरक्षक : पाण्याचं रिकामं सोडू का?

ग्रंथपाल : नको. लिहा. पाणी सोबत न्यावं.