सिनेमातला खांदा

हसू नका, पण सिनेमात मीही आहे. नायजेरियाहून येऊन पनवेलजवळच्या बेलपाड्यात रुळलेली ग्रेस लोकवर्गणीतून सिनेमा करत होती, स्वतःसारख्याच दोन काळ्या मुलींच्या एकमेकींवरच्या प्रेमाचा. माझी वर्गणी म्हणजे शूटिंगला दिलेलं माझं पनवेलचं साडीचं दुकान. भाड्याचा कॅमेरा एक वाजता परत जायचा होता.

एकीने दुसरीसाठी साडी निवडायची आणि तिच्याकडे प्रेमाने बघायचं, एवढाच सीन. साडी दुसरीच्या खांद्यावर टाकणारा दुकानदार मीच. पण गिऱ्हाइकाला दाखवायच्या सवयीने मी पदर स्वतःच्याच खांद्यावर टाकायचो आणि पोरगी माझ्याकडे बघत राहायची. तीनदा तेच.

ग्रेस म्हणाली, "काका, पाऊण वाजला. साडी तिच्यावर टाका, नाय तर तुमचंच लगीन लागेल."

गल्ल्यावरून आमची ही म्हणाली, "लागू दे. इतक्या प्रेमाने त्यांच्याकडे पुन्हा कोण बघणार?"

त्यावर त्या दोघी मुली एकमेकींकडे बघून अशा हसल्या की सीन तिथेच झाला. कडेला माझा खांदा दिसतो.